बिनविरोध उन्हाळा

दर चार वर्षांनी अमेरिकेत एक जादा ऋतू येतो. कॅलेंडरात त्याला नाव नाही, पण जुलै लागला की तो अंगाला कळतो. घराघरापुढच्या हिरवळीत उमेदवारांच्या पाट्या उगवतात. आमच्या शिकागोच्या उपनगरात स्प्रिंकलरचं निम्मं पाणी झेंडूंना आणि निम्मं पाट्यांना. फोन सारखा थरथरतो. कुणीतरी अनोळखी मला जवळच्यासारखी नावाने हाक मारून विचारतो, श्रीधर, आम्ही तुला आपल्यातला समजू ना? हवा दमट, झाडांवर सिकाडा किड्यांचा कर्कश कारखाना, आणि टीव्हीवर पक्षांची अधिवेशनं. हजारो माणसं विचित्र टोप्या घालून, आपापल्या राज्याचे फलक धरून, आधीच ठरलेल्या माणसाची निवड करतात आणि ती झाली म्हणून आनंदाने वेडी होतात. मग छतातून फुगे पडतात. मला ते फुगे बघवत नाहीत. चॅनेल बदलावं तर तिथेही फुगेच.

"तुझं काय घोडं मारलंय त्यांनी?" अनघा, माझी बायको, विचारते.

"काही नाही."

'काही नाही' हे मी आयुष्यात सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य असावं. माझी मैत्रीण मेधा मला मौनीबाबा म्हणायची. गप्प माणसाबद्दल लोकांचा फार चांगला समज असतो. तो खोल आहे, समजूतदार आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या समजावर मी पन्नाशी ओलांडली. प्रत्यक्षात मी नुसता मूग गिळून बसलेलो असतो, आणि ते मूग इतक्या वर्षांत पचलेले नाहीत, हे या उन्हाळ्याने मला दाखवलं.

या खेपेला वैताग टीव्हीतून उतरून थेट जेवणाच्या टेबलावर आला. आमची ईशा शहरातल्या एका छोट्याशा म्युझियममध्ये काम करते. विसाव्या शतकाच्या आरंभी, अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षांची माणसं पुन्हापुन्हा शिकागोत जमायची, कारण देशभरचे लोहमार्ग इथे येऊन मिळायचे. त्या अधिवेशनांचं प्रदर्शन ईशाने मांडायला घेतलं आणि टेबलावर जुन्या फोटोंच्या प्रतींचा डोंगर झाला. मी आमटीची वाटी ठेवायला जागा शोधायचो आणि ती किंचाळायची, "बाबा! नॉट ऑन नाइन्टीन ट्वेल्व्ह!"

"मग कुठे ठेवू?"

"नाइन्टीन सिक्स्टीनवर ठेव. दॅट वन वॉज बोअरिंग."

फोटोंत सगळीकडे त्याच मिशा, त्याच कडक कॉलरी, हातात गवती हॅट. एसी नव्हताच. जूनच्या उकाड्यात कोटबीट घालून हजारो माणसं कोंबलेली, हातातल्या कागदाने वारा घेत असलेली. त्या कागदी प्रतींमधूनही मला घामाचा आणि सिगारचा वास यायचा. जेवता जेवता ईशा गोष्टी सांगायची. १९१२ साली म्हणे व्यासपीठाभोवती झेंड्याच्या रंगांचं कापड छान झालर लावून गुंडाळलं होतं, आणि त्या झालरीच्या आत काटेरी तार दडवलेली.

"चोरांसाठी?" मी विचारलं.

"नो, बाबा. स्वतःच्याच पार्टीच्या लोकांसाठी. त्यांनी स्टेजवर चढू नये म्हणून."

पुढे चोवीस साली न्यूयॉर्कला एका पक्षाने उमेदवार ठरवायला मतदानाच्या शंभरावर फेऱ्या घेतल्या. दोन आठवड्यांच्या वर ते रामायण चाललं. एका राज्याचा पुढारी दर फेरीला उठून तेच नाव त्याच सुरात पुकारायचा. शेवटी शेवटी गॅलरीतले लोकही, आरतीला सूर धरावा तसा, त्याच्याबरोबर पुकारू लागले. आणि वीस सालची गोष्ट तर इथलीच. शिकागोच्या एका हॉटेलातल्या खोलीत, सिगारच्या धुरात, काही बडी माणसं बसली. बाहेर उकाडा, प्रतिनिधी दमलेले, सगळ्यांना घरी जायची घाई. ज्याच्या नावाला कुणाची फारशी हरकत नव्हती असा एक देखणा माणूस त्यांनी शोधून काढला, आणि तो देशाचा अध्यक्ष झाला.

"इमॅजिन," ईशा म्हणाली, "फर्स्ट चॉइस कुणाचाच नाही. सेकंड चॉइस, एव्हरीबडीज!"

मला ठसका लागला. अनघाने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

"आणि हे तर बघच तू," म्हणत ईशाने आणखी एक फोटो आमटीच्या वाटीशेजारी ठेवला. एका लाकडी घराचा व्हरांडा. पायऱ्यांवर हॅटवाली मंडळी ओळीने उभी. वर दाराशी एक गृहस्थ, छातीवर हात ठेवून, भुवया उंचावून. ईशाने सांगितलं, की त्या काळात उमेदवाराने अधिवेशनाला जायचंच नाही अशी रीत होती. पद मागायला जाणं हलकेपणाचं. पद आपण होऊन दारी यायला हवं. म्हणून अधिवेशन संपल्यावर काही आठवड्यांनी पक्षाची एक समिती त्याच्या गावी जायची आणि भाषण करून त्याला कळवायची, की महाशय, आपली निवड झाली आहे. महाशय चकित व्हायचे.

"पण त्याला माहीत नसायचं का?" अनघाने विचारलं.

"आई, पेपरात आलेलं असायचं! सगळ्या कंट्रीला माहीत! त्याचं थँक-यू स्पीचसुद्धा आधीच प्रिंटेड असायचं."

"मग कळवायचं काय?"

"एक्झॅक्टली! प्युअर नाटक!"

मी त्या गृहस्थाच्या भुवयांकडे बघत राहिलो. तो चेहरा कसा करायचा असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे. आधी डोळे मोठे, मग एक पाऊल मागे. मग म्हणायचं, "अहो, मी?"

आठ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळाही अधिवेशनांचाच. आमच्या घरामागच्या डेकवर मक्याची कणसं भाजत होतो. लिंबू, तिखट, मीठ. मेधा आणि तिची आई आल्या होत्या. मेधा नागपूरची, मी साताऱ्याचा. एकाच कंपनीने एकाच वर्षी दोघांना इथे आणून टाकलं, तेव्हापासूनची मैत्री. तिच्या आईची ही पहिली अमेरिका. मेधा ऑफिसला, नातवंडं शाळेच्या समर कॅम्पला, आणि आई दिवसभर पुढच्या खिडकीशी. गॅरेजची दारं आपोआप उघडतात, गाडी बाहेर पडते, दारं आपोआप मिटतात. त्या दिवशी कणीस सोलता सोलता त्यांनी मला अगदी साधेपणाने विचारलं होतं, "अरे श्रीधर, या रस्त्यावरून माणसं केव्हा जातात?"

मी हसलो. आमच्या रस्त्याला फूटपाथच नाही.

"ऐकलंस?" मेधा म्हणाली. "असे किती आई-बाबा येतात सहा-सहा महिने, आणि असे खिडकीत बसून परत जातात. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला आणतो आपण त्यांना, तर तिथे मागच्या रांगेत आपले कोट सांभाळत बसतात बिचारे. आठवड्यातून एक दुपार, लायब्ररीचा हॉल, आणायला-पोचवायला चार गाड्या. एवढंच हवंय यार. पण मी सांगून कोण करतंय? आता मीच होते मंडळाची अध्यक्ष. या वर्षी उभी राहते."

"राहा ना," मी म्हणालो. "मी आहे."

'मी आहे.' दोन शब्द. मी एरवी इतकंही बोलत नाही; बोललो तेही खोटं ठरायला आठवडा लागला नाही.

आमच्या मंडळाला एका गोष्टीचा फार अभिमान आहे. अध्यक्षाची निवड स्थापनेपासून आजवर बिनविरोध. स्मरणिकेत हे दरवर्षी छापतो आपण, ठळक अक्षरांत. गावाकडच्या सोसायट्या-पतपेढ्यांपासून आपल्याकडे बिनविरोध म्हणजे सुसंस्कृतपणा, आणि निवडणूक लागली म्हणजे घराण्याची अब्रू गेली. ही अब्रू राखायचं काम वसंतकाकांच्या बेसमेंटमध्ये होतं. काका संस्थापकांपैकी, माणूस प्रेमळ, आजारपणात डबा घेऊन येणारा. बेसमेंटमध्ये पिंगपाँगचं टेबल, त्यावर चिवड्याचा डबा आणि चहाचा थर्मास, कोपऱ्यात घुंईं करत ओल शोषणारं डीह्युमिडिफायर. धूर नाही, तेवढाच फरक. आधीच्या दोन निवडींना मी तिथे होतो. नावं निघतात. "ती फार बोलते." "त्याला पुणेकर चालणार नाहीत." "तो बरा, पण बायको..." असं म्हणत म्हणत, ज्याच्याबद्दल कुणालाच काही सुचत नाही, असं एक नाव उरतं. आणि ज्याचं नाव चर्चेत आहे त्याने त्या दिवशी बैठकीला यायचं नाही, हीही आमची रीत. अमेरिकेने ती सोडून दिली. गेल्या शतकाच्या तिशीत एक उमेदवार विमानाने थेट शिकागोला आला आणि म्हणाला, हा मी, मला मान्य आहे. आम्ही मात्र ती सांभाळून ठेवली आहे.

काकांचा फोन मला कामावर आला होता. "श्रीधर, या बैठकीला तू येऊ नकोस बरं का."

एवढ्यानेच मला सगळं कळलं.

"काका, मेधा उभी राहतेय," मी म्हणालो.

"अरे, ती चांगलीच आहे. पण ती उभी राहिली की दुसरा कुणीतरी उभा राहणार. मग मतदान. मग तोंडं वाकडी. तुझ्या नावाला कुणाचाच विरोध नाही रे. तिला मी समजावतो. तू फक्त काही माहीत नसल्यासारखा राहा. लोकांना बरं वाटतं."

मी काही बोललो नाही. काकांनी थोडं थांबून फोन ठेवला. इतकंच माझ्या गुन्ह्याचं रूप आहे, आणि हेच मला आजही चीड आणतं. कट केला असता तर निदान काही केल्याचं समाधान असतं. मी नकारही दिला नाही, होकारही दिला नाही. नरो वा कुंजरो वा. आणि मनात कुठेतरी, खरंच सांगायचं तर, गुदगुल्या झाल्या. साताऱ्याच्या शाळेत मला कुणी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मंडळाचे सातआठ लोक. नारळ, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातले पेढे. सर्वांत पुढे मेधा. मला ते अपेक्षित नव्हतं. तेवढा एक भाग खरा चकित होण्याचा होता आणि तो उरलेल्या नाटकात खपून गेला. काकांनी घसा खाकरून सांगितलं, की सर्वानुमते आणि बिनविरोध. मी डोळे मोठे केले. एक पाऊल मागे गेलो. "अहो, मी? मला काय जमणार?"

"अरे तोंड बघा याचं!" मेधा हसत सुटली. "खरंच माहीत नव्हतं याला!" आणि तिने मला तिथेच, पायपुसण्यावर, घट्ट मिठी मारली. कानात म्हणाली, "काका म्हणाले, मी उभी राहिले तर तू माझ्यासाठी माघार घेशील. मग म्हटलं जाऊ दे, मीच घेते. तुला कधी कुणी काही दिलंय का रे?"

आत स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी कप मांडलेले होते. "अनघा, काय गं तू, नेहमी तयारीत!" मेधा म्हणाली. अनघाने गॅस मोठा केला.

दोन वर्षं मी अध्यक्ष होतो. गणपती झाले, दिवाळी झाली, सभागृहाच्या पार्किंगवरून भांडणं झाली. आई-बाबांच्या दुपारीचा विषय मेधाने पहिल्याच बैठकीत काढला. कुणी म्हणालं, गाडीत कुणी पडलं-बिडलं तर जबाबदारी कुणाची? मी उपसमिती नेमली. भिजत घोंगडं ठेवायची ती सभ्य पद्धत आहे. मेधाची आई सहा महिन्यांचा मुक्काम पुरा न करताच परत गेली आणि पुन्हा आली नाही. "तिकडे निदान भाजीवाला तरी ओरडतो," म्हणाली म्हणे. मेधाने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. उलट मंडळात कुणी मला नावं ठेवली तर ही भांडायची. तिचं ते भांडणं मला उन्हाळ्यातल्या लोकरीच्या स्वेटरसारखं टोचायचं.

तर या जुलैत, इकडे टीव्हीवर फुगे, टेबलावर ईशाचे व्हरांडे, आणि फोनवर पुन्हा वसंतकाका. आता ऐंशीच्या पुढे गेलेत, आवाज थरथरतो, पण कामाचा उरक तोच. "निखिलचं नाव सगळ्यांना चालतंय. पुण्याचा मुलगा आहे, हुशार आहे, शांत आहे. पण मेधा म्हणतेय, मी उभी राहणारच. तू समजाव तिला. तुझं ऐकते ती."

ऐकते ती माझं. कारण तिला वाटतं मी एकदा तिच्यासाठी माघार घेतली असती.

"बघतो," मी म्हणालो. पाहा, पुन्हा.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मेधा आली. ईशाला ती मेधामावशी. लहानपणी हिच्याच हाताने भात खाल्लेला. मावशीचा हात धरून तिने सगळं दाखवलं. व्हरांड्याच्या त्या फोटोपाशी दोघी थांबल्या, ईशाने रीत समजावली आणि मेधा इतक्या मोठ्याने हसली, की शेजारचं अमेरिकन जोडपं वळून बघायला लागलं.

"अगं, पण समितीतल्या लोकांना लाज नाही वाटायची? त्यांनाही माहीत असणारच ना, की याला माहीत आहे!"

"दे न्यू. तो गेमच होता, मावशी. सगळे प्ले करायचे."

"सगळे असतील तर ठीक आहे बाई," मेधा म्हणाली. "एखादीला माहीत नसेल तर?"

ती सहज बोलून गेली. मी मागे उभा होतो. हातात कागदी पेल्यातलं लिंबूसरबत, ते मी कुठे ठेवावं मला कळेना.

तिथून मी तिला डेव्हन ॲव्हेन्यूवर घेऊन गेलो. गणपतीच्या प्रसादासाठी गूळ, खोबरं आणि बाकीचं सामान आणायचं होतं. शनिवार दुपार. त्या रस्त्यावर शनिवारी पार्किंग मिळवायला पूर्वसंचित लागतं. पुढे बस, ती दर कोपऱ्यावर थांबणार, मागे हॉर्न, साड्यांच्या दुकानासमोर कुणीतरी गाडी भर रस्त्यात दुहेरी लावून आत शालू बघत बसलेलं. आम्ही एक फेरी मारली, दुसरी मारली. मेधा म्हणत होती, "तू माझ्यासाठी सही करशील ना? सूचक म्हणून? काका चिडतील, पण तुझ्यावर कुणी फार चिडत नाही." बस थांबली. मी ब्रेक लावला आणि समोरच्या बसच्या पाठीवरची आंब्याच्या लस्सीची जाहिरात वाचत म्हणालो, "मेधा, मला माहीत होतं."

"काय?"

"त्या वेळी. तुम्ही नारळ घेऊन आलात तेव्हा. काकांनी आधी फोन केला होता. तुला समजावणार आहेत हेही सांगितलं होतं. मी गप्प बसलो."

बस हलली. मागच्याने हॉर्न दिला. मी हललो नाही.

"गाडी पुढे घे," ती म्हणाली.

मी घेतली. तिसरी फेरी. मिठाईचं दुकान गेलं, दागिन्यांचं गेलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अनघालाही माहीत होतं. कप काढून ठेवले होते तिने." तिने काच खाली केली, पुन्हा वर केली. "मला वाटलं होतं, आनंदाने तुझ्या तोंडून शब्द फुटत नाहीये. मी आईला घरी जाऊन सांगितलं, अगं, किती साधा माणूस आहे. आई म्हणाली, मग तो तुझी ती दुपार नक्की करेल. वाट बघत होती रे ती. मी तिला दर आठवड्याला सांगायचे, श्रीधर आहे, होईल."

"मी माफी..."

"नको. माफीबिफी गाडीत नको. मोकळा होशील तू आणि गूळ घेऊन घरी जाशील." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "मला हे एकटीला सांगून काय उपयोग? काकांनी मला माघार घ्यायला लावली, ती सगळ्यांच्या नावाने. मी उभी राहतेय. तुझी सही नको. तू सभेत उठ आणि हे सगळ्यांसमोर सांग. तेही मतदानाच्या आधी. जमेल?"

मला 'बघतो' म्हणायची इतकी सवय आहे, की ओठ त्या शब्दासाठी मिटलेही होते.

"जमेल," मी म्हणालो.

"ती बघ, जागा रिकामी होतेय," मेधा म्हणाली. "लाव."

सप्टेंबरात शाळेच्या कॅफेटेरियात सर्वसाधारण सभा झाली. मेधा हरली, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला उगाच आशा लागायची. निखिल बऱ्याच मतांनी निवडून आला आणि तो मुलगा वाईट नाही. बिनविरोधाची परंपरा मोडली म्हणून काहींनी हळहळून झाल्यावर, जेवण गार होतंय म्हणून सगळ्यांनीच हळहळायला सुरुवात केली होती. मेधाने तिचं म्हणणं मांडलं होतं. लायब्ररी, दुपार, गाड्या. मागच्या रांगेत पाहुणे आई-बाबा मांडीवर कोट घेऊन ऐकत होते. मग, मतदानाच्या आधी, मी उठलो. "अध्यक्षमहाराज, मला एक सांगायचंय," म्हणून सांगायला लागलो, आणि पूर्ण सांगून खाली बसणार तोच मागून कुणीतरी ओरडलं, "माईक बंद आहे! काहीच ऐकू आलं नाही!"

"मोठ्याने बोला हो!"

जे वाक्य तोंडातून काढायला इतकी वर्षं लागली, ते मला दोनदा म्हणावं लागलं. निखिलने धावत येऊन माईकचं बटण सुरू करून दिलं. दुसऱ्या वेळी माझा आवाज भिंतीवर आपटून मलाच ऐकू आला: मला आधी माहीत होतं. मेधाला फसवून माघार घ्यायला लावली, आणि मी ते होऊ दिलं. बिनविरोध म्हणून आपण जे छापतो, त्यात ती माघार आहे. कुणीतरी म्हणालं, "आता कशाला उकरून काढायचं?" वसंतकाका व्यासपीठावर चष्मा पुसत होते. त्यांचा चेहरा मला फार म्हातारा दिसला, आणि त्याचंही मला वाईट वाटलं. माझं असंच आहे, मला सगळ्यांचंच वाईट वाटतं, म्हणून कुणाच्याच कामाला येत नाही.

मेधा माझ्याशी त्यानंतर कामापुरतं बोलते. ईशाला फोन करते, अनघालाही एकदा केला. मला मौनीबाबा म्हणत नाही. ती जागा आता रिकामीच राहणार, असं मी धरून चाललो आहे.

पण त्या दिवशीचं मतदान मला सांगायचंय. हात वर करून होतं. निखिलच्या बाजूचे हात मोजून झाले. मग काका म्हणाले, "आता मेधाच्या बाजूने." हात वर गेले; माझाही गेला. समोरच्या टेबलांवर विरळ, मधे विरळ. आणि मग मागची रांग. नातवाला सांभाळायला आलेली एक आजी, मुलाकडे आलेले कोल्हापूरचे एक आजोबा, त्यांच्या शेजारच्या दोघी बहिणी. एकामागून एक, कोट मांडीवर तसेच ठेवून, त्या सगळ्यांनी हात वर केले.

"पाहुण्यांनी हात खाली घ्या, कृपया," काका म्हणाले. "तुम्ही सभासद नाही. तुम्हाला मत नाही."

कुणी हलेना. मुलं-सुना पुढच्या टेबलांवरून मागे वळून खुणा करायला लागल्या. एक मुलगा अर्धवट उठून दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, प्लीज. डोन्ट. तुमचं काउंट नाही होत."

"ठाऊक आहे रे," कोल्हापूरचे आजोबा म्हणाले. "मोजू नका. नुसतं बघा."

मोजणारी माणसं गोंधळून उभी राहिली. आकडा पुन्हा पुन्हा चुकत होता. काका वैतागले. त्यांनी सगळ्या सभागृहात नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली, नेहमीसारखी.

"श्रीधर, तू तरी सांग त्यांना. तुझं ऐकतील."

माझ्यासमोर माईक अजून चालू होता.

"नाही सांगत, काका," मी म्हणालो.